पदक एकीचं, पाठ अनेकींची



गेल्या काही महिन्यांत आपल्या दोन-तीन गटांच्या बैठकीत बचतीचा हिशेब संपला की एकच विषय निघतोय. शाळेत ज्युदो सुरू झालाय, पोरगी जाते म्हणते, पाठवायची का? एका ताईंनी तर सरळच विचारलं, "पोरीनं पोरीला उचलून आपटायचं, ह्यात शिकण्यासारखं काय आहे? आणि त्यातून पुढं होणार काय?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण एका मुलीची गोष्ट बघू. ज्युदो खेळणाऱ्या मुलीचं आयुष्य कसं चालतं, किती वर्षं लागतात, काय मिळतं, काय सोडावं लागतं, हे तिच्या गोष्टीतून नीट कळतं. तिचं नाव मायलिंदा केलमेंदी. युरोपात कोसोवो नावाचा एक छोटा देश आहे, तिथली ही मुलगी. कोसोवो केवढा, तर क्षेत्रफळानं साधारण आपल्या सातारा जिल्ह्याएवढा, आणि लोकवस्ती त्याहूनही कमी.

पण आधी ज्युदो म्हणजे काय ते समजून घेऊ.

आपल्याला कुस्ती माहीत आहे, त्यामुळे अर्धं काम सोपं आहे. ज्युदोतही दोघी समोरासमोर उभ्या राहतात. फरक असा की दोघींच्या अंगात जाड सुती कापडाचा झगा असतो, कमरेला पट्टा असतो, आणि पकड त्या कापडाची घ्यायची असते. एकीचा झगा पांढरा, दुसरीचा निळा. खाली माती नसून गादी असते. समोरचीला जोरात, वेगानं आणि ताब्यात ठेवून पाठीवर पाडलं की कुस्ती तिथंच संपली. आपण ज्याला चितपट म्हणतो, त्याला ज्युदोत 'इप्पोन' म्हणतात. पाडणं थोडं कच्चं राहिलं तर 'वाझा-आरी' मिळतो, आणि असे दोन झाले की तोही इप्पोनच. समोरचीला जमिनीवर वीस सेकंद दाबून धरलं तरी विजय. मोठ्या स्पर्धेत लढत चार मिनिटांची असते. चार मिनिटांत निकाल लागला नाही, तर लागेपर्यंत पुढं चालू राहते.

हा खेळ १८८२ मध्ये जपानमध्ये जिगोरो कानो नावाच्या शिक्षकांनी सुरू केला. त्यांनी दोन तत्त्वं सांगितली. पहिलं, अंगातली ताकद वाया न घालवता नेमकी वापरायची. समोरची ढकलत असेल तर आपण उलटं ढकलत बसायचं नाही, तिच्याच जोराचा उपयोग करून तिला पाडायचं. दुसरं तत्त्व आपल्यासारख्या गटातल्या बायकांना लगेच पटेल. त्याला जपानीत 'जिता क्योएई' म्हणतात. माझं भलं आणि तुझं भलं एकत्रच होतं, असा त्याचा अर्थ.

आता तुम्ही म्हणाल, एकमेकींना पाडण्याच्या खेळात एकमेकींचं भलं कुठून आलं?

ते असं आहे. धावायचा सराव एकटीला करता येतो. भालाही एकटीला फेकता येतो. ज्युदोचा डाव मात्र एकटीला शिकता येत नाही. कुणीतरी समोर उभं राहावं लागतं, आपला झगा धरू द्यावा लागतो आणि पडावं लागतं. एक डाव अंगात मुरायला तो हजारो वेळा करावा लागतो, म्हणजे कुणीतरी तितक्या वेळा पाठ टेकते. मग पाळी बदलते आणि पाडणारी पडते. म्हणूनच ज्युदोत पहिले धडे पाडायचे नसतात, पडायचे असतात. हनुवटी छातीशी, डोकं गादीला लागू द्यायचं नाही, हाताचा तळवा आणि बाहू गादीवर आपटून मार वाटून टाकायचा. हे आलं की मगच डाव शिकवतात. ज्या मुलीला पडता येत नाही, तिच्याबरोबर कुणी सराव करू शकत नाही.

ही गोष्ट मनात ठेवा. मायलिंदाची सगळी वाटचाल यावरच उभी आहे.

मायलिंदाचा जन्म ९ मे १९९१ चा, पेया नावाच्या गावातला. गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. पूर्वी कोसोवो हा युगोस्लाव्हिया या मोठ्या देशाचा भाग होता. १९९० नंतर तो देश फुटत गेला, ठिकठिकाणी लढाया झाल्या. १९९८ आणि १९९९ मध्ये कोसोवोत युद्ध झालं. लाखो लोक घरदार सोडून पळाले. पेयाची फार मोठी पडझड झाली, घरंच्या घरं जळाली.

त्याच गावात द्रितोन कुका नावाचे एक ज्युदोपटू होते. त्यांना आपण कुका सर म्हणू. ते तरुणपणी युगोस्लाव्हियातले नावाजलेले खेळाडू. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकला जायचं त्यांचं स्वप्न होतं. पण देश फुटला, कोसोवोतले अल्बेनियन लोक युगोस्लाव्हियाच्या संघांपासून बाजूला झाले, आणि ती संधी गेली ती गेलीच. युद्ध संपल्यावर कुका सरांनी गावातच मुलामुलींना ज्युदो शिकवायला सुरुवात केली. क्लबचं नाव ठेवलं 'इप्पोन'. १९९९ मध्ये त्या क्लबात आठ वर्षांची मायलिंदा आली. तिची मोठी बहीण आधी जात होती, तिच्या मागोमाग ही गेली. घराघरांत असंच होतं की नाही? एकीला पाठवलं की दुसरी हट्ट धरते.

इथून पुढची वर्षं मोजा. आठव्या वर्षी सुरुवात. दहा वर्षं सराव. २००९ मध्ये, अठराव्या वर्षी, ती पॅरिसला ज्युनियर गटाची जगज्जेती झाली. २०१३ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ब्राझीलमधल्या रिओ शहरात मोठ्या गटाची जगज्जेती झाली. कोसोवोचं हे पहिलंच विश्वविजेतेपद. २०१४ मध्ये तिनं ते परत जिंकलं. पहिल्या दिवसापासून पहिल्या मोठ्या यशापर्यंत चौदा वर्षं गेली. त्यामुळे कुणी म्हणालं की दोन वर्षांत तुमच्या मुलीला देशासाठी खेळवतो, एवढी फी भरा, तर जरा सांभाळून.

मधे एक अडचण होती आणि ती तिच्या हातातली नव्हती. कोसोवोनं १७ फेब्रुवारी २००८ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. काही देशांनी ते मान्य केलं, काहींनी नाही. आपल्या भारतानंही आजवर कोसोवोला देश म्हणून मान्यता दिलेली नाही. ऑलिंपिक समितीचीही तेव्हा मान्यता नव्हती. म्हणून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला मायलिंदा शेजारच्या अल्बेनियाच्या संघातून उतरली. दुसऱ्या फेरीत मॉरिशसच्या खेळाडूनं तिला हरवलं. २०१४ ची जागतिक स्पर्धा रशियात होती. तिथं आपल्या देशाचा झेंडा लावायची परवानगी तिला मिळाली नाही. ती ज्युदो महासंघाच्या झेंड्याखाली खेळली आणि तरी जिंकली.

मैत्रिणींनो, कागदावर नाव नसणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. शेतात राबतो आपण, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. तिच्या पाठीवर तिच्या देशाचं नाव नव्हतं, पण म्हणून तिनं सराव थांबवला नाही. ९ डिसेंबर २०१४ ला ऑलिंपिक समितीनं कोसोवोला मान्यता दिली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कोसोवोचा संघ पहिल्यांदा आला. खेळाडू फक्त आठ. झेंडा धरून पुढं चालत होती मायलिंदा. ७ ऑगस्ट २०१६ ला ५२ किलो वजनगटाच्या अंतिम फेरीत तिनं इटलीच्या ओदेत्ते जिउफ्रिदाला हरवलं. देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक, आणि तेही सोन्याचं. घरी परतल्यावर तिच्या स्वागताला हजारो माणसं रस्त्यावर आली.

हे झालं पदकाचं. पण त्यामागचं रोजचं जगणं कसं असतं, तेही ऐकून घ्या.

ज्युदोत वजनाचे गट असतात. मोठ्या बायकांचे सात आहेत: ४८, ५२, ५७, ६३, ७०, ७८ किलोपर्यंत, आणि ७८ च्या वर. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वजन होतं. थोडं जरी जास्त भरलं तरी बाहेर. त्यामुळे खेळाडूला वर्षभर खाण्यापिण्याकडे लक्ष ठेवावं लागतं. स्पर्धेच्या दिवशी सकाळी सुरुवात होते आणि सोन्यासाठी एकाच दिवसात चार-पाच लढती जिंकाव्या लागतात.

ऑलिंपिकला जायचं तर जागतिक क्रमवारीत वर यावं लागतं. वर्षभर वेगवेगळ्या देशांत स्पर्धा होतात आणि प्रत्येकीचे गुण ठरलेले असतात. 'ग्रँड स्लॅम' नावाची स्पर्धा जिंकली तर १००० गुण, जागतिक स्पर्धा जिंकली तर २०००. जुने गुण काही काळानं कमी होत जातात. म्हणजे गेल्या वर्षीच्या नावावर बसून राहता येत नाही. आपल्या गटाची प्रतवारी जशी दरवेळी नव्यानं होते, तसंच.

शिवाय एका देशाला एका वजनगटात ऑलिंपिकसाठी एकच खेळाडू पाठवता येते. आपल्या घरच्या चुलीशेजारी दुसरी तितकीच तयार मुलगी असली तरी जागा एकच. आणि दुखापती. गुडघा, खांदा, पाठ, बोटं. ज्युदोपटूचं अंग कायम कुठं ना कुठं दुखत असतं. रिओनंतर मायलिंदालाही दुखापतींनी बरंच छळलं. तरी ती २०१७ आणि २०१९ ला युरोपची विजेती झाली, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवलं.

मग आलं टोकियो ऑलिंपिक. कोरोनामुळे ते २०२१ च्या जुलैत झालं. मायलिंदा आधीची विजेती म्हणून उतरली आणि पहिल्याच लढतीत हरली. तिचं खेळाडू म्हणून ते शेवटचं ऑलिंपिक ठरलं. वय तीस.

आता इथं गोष्ट संपली असती तर आपण म्हणालो असतो, बिचारी, शेवट गोड झाला नाही. पण टोकियोत तिच्या हरण्याच्या एक दिवस आधी आणि एक दिवस नंतर काय झालं ते बघा. आदल्या दिवशी दिस्त्रिया क्रास्निची नावाच्या कोसोवोच्या मुलीनं ४८ किलो गटात सुवर्ण जिंकलं. दुसऱ्या दिवशी नोरा जाकोवानं ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलं. दोघी कुका सरांच्याच हाताखाली घडलेल्या. दोघी वर्षानुवर्षं मायलिंदाबरोबर त्याच गादीवर पडलेल्या आणि तिला पाडलेल्या.

त्या वर्षी मायलिंदानं खेळ थांबवला आणि ती त्याच मुलींची प्रशिक्षक झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिस्त्रियानं मायलिंदाच्या जुन्या ५२ किलो गटात रौप्य मिळवलं, आणि लॉरा फाझलिऊ नावाच्या मुलीनं ६३ किलोत ब्राँझ. पॅरिसपर्यंतचा हिशेब मांडला तर कोसोवोची ऑलिंपिक पदकं झाली पाच. पाचही ज्युदोतली. पाचही मुलींनी जिंकलेली.

मला या गोष्टीत हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. एवढ्याशा देशात एकाच खेळात एवढ्या मुली कशा काय वर आल्या? त्यांच्या रक्तात काही वेगळं होतं असं नाही. पहिलीनं वर जाताना दुसरीला सरावाला घेतलं, दुसरीनं तिसरीला. मायलिंदा जगज्जेती असताना जी मुलगी रोज तिच्यासमोर उभी राहत होती, तिला रोज जगातल्या सगळ्यात तयार खेळाडूशी झुंजायला मिळत होतं. पडता पडता तीही तयार झाली. पदक एकीच्या गळ्यात पडलं, पण त्याखाली किती जणींची पाठ होती हे त्या मुलींना ठाऊक आहे. कानो गुरुजींचं दुसरं तत्त्व हेच.

याच खेळात बायकांना जागा मिळाली तीही अशीच. पुरुषांचा ज्युदो ऑलिंपिकमध्ये १९६४ ला आला. बायकांचा पदकांसाठी यायला १९९२ उजाडलं. अठ्ठावीस वर्षं. अमेरिकेत रस्टी कानोकोगी नावाची एक बाई होती. १९५९ मध्ये ती केस कापून, पुरुषांच्या संघातून ज्युदो स्पर्धेत उतरली. तिनं लढत जिंकली, संघ जिंकला, आणि बाई आहे हे कळल्यावर तिचं पदक काढून घेतलं. पुढं तिनं स्वतःचं घर गहाण ठेवून १९८० मध्ये न्यूयॉर्कला बायकांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा भरवली. तिला स्वतःला ऑलिंपिक कधी खेळता आलं नाही. मायलिंदाच्या सोन्याखाली त्या बाईचीही पाठ आहे.

आपल्या देशातही वाट पडू लागली आहे. मणिपूरची सुशीला देवी लिक्माबाम राष्ट्रकुल स्पर्धेत दोनदा, २०१४ आणि २०२२ मध्ये, रौप्य घेऊन आली, आणि टोकियो ऑलिंपिकला भारताकडून ज्युदोत गेलेली ती एकटीच होती. मणिपूरचीच लिंथोई चानंबम २०२२ मध्ये किशोर गटात जगज्जेती झाली. ज्युदोत कुठल्याही वयोगटात भारताला मिळालेलं ते पहिलं जागतिक पदक.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. पोरीला पाठवायची का?

मी म्हणेन, पाठवा, पण चार गोष्टी बघून. पहिली, गादी आहे का आणि ती धड आहे का. फरशीवर सतरंजी टाकून ज्युदो शिकवत असतील तर पाठवू नका. दुसरी, शिकवणारे सर किंवा मॅडम आधी पडायला शिकवतात का. पहिल्याच आठवड्यात डाव शिकवून मुलींना झुंजवत असतील तर जाऊन बोला. डोक्याला मार लागला, चक्कर किंवा उलटी आली, तर तो दिवस खेळ बंद आणि सरळ डॉक्टर. तिसरी, वाढत्या वयाच्या मुलीला वजन उतरवायला उपाशी ठेवत असतील, पाणी तोडत असतील, तर ठाम नाही म्हणा. आपल्या मुलींच्या अंगात आधीच रक्त कमी असतं. वरच्या गटात खेळेल, काही बिघडत नाही. चौथी, सरावाची वेळ आणि येण्याजाण्याची सोय काय. ही चौथी गोष्टच बहुतेक मुलींना थांबवते. मुलगी सातवी-आठवीत गेली, पाळी सुरू झाली की घरचे म्हणतात, आता पुरे. संध्याकाळी एकटी कशी येणार? मायलिंदाचं आठव्या वर्षापासून बाविसाव्यापर्यंतचं गणित मघाशी मांडलं. त्यात तेरावं वर्ष बरोबर मध्येच येतं. तिथं थांबली असती तर आज तिचं नाव आपण घेतलंच नसतं.

आणि पदक नाही मिळालं तर? बहुतेक मुलींना मोठं पदक मिळणार नाही, हे सरळ सांगते. ज्युदोत क्रिकेटसारखा पैसाही नाही. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा होतात. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण ते ठराविक पातळीचं पदक असेल तरच लागू होतं. त्यासाठी प्रमाणपत्रं जपून ठेवावी लागतात आणि त्यांची पडताळणी होते. नियम काय आहेत ते त्या कार्यालयातच जाऊन विचारा, कुणाच्या सांगण्यावर पैसे देऊ नका. पण पदक नसलं तरी जी मुलगी रोज पडून रोज उठते, तिला पाय घसरला तर सांभाळता येतं, कुणी मनगट धरलं तर घाबरून गोठत नाही. तिच्याजवळ राहील ते एवढंच, आणि मला ते थोडं वाटत नाही.

म्हणून गटासाठी एक काम सुचवते. आपल्या गावातून एकच मुलगी जात असेल तर ती फार दिवस टिकणार नाही. सरावाला जोडीदार लागते आणि रस्त्यालाही. पुढच्या बैठकीत विचारा, आपल्या दहा-बारा घरांतून किती मुली जाऊ शकतील? त्यांना आणायला आठवड्यातून एकेक दिवस कोण जाईल? सहा दिवस, सहा आया. एकीला आठवड्यातून एकदाच जावं लागेल. कर्जाची जबाबदारी आपण एकमेकींत वाटून घेतोच. ही त्याहून हलकी आहे.

पाळ्या ठरल्या की वहीत लिहून ठेवा, आणि कोणत्या गटात किती मुली निघाल्या ते मला नक्की कळवा.